पांढऱ्या उंदरांची मोजणी

९ एप्रिल

आज डोकंच फिरलं. ग्रामकार्यालयाच्या भिंतीवर जिल्ह्याहून आलेलं एक मोठं रंगीत पत्रक लावलंय. 'आपल्या डोंगरातले दुर्मिळ प्राणी ओळखा.' ओळखा म्हणे! छापणाऱ्याला तरी ओळखता येतात का? सुसारच्या चित्राखाली लिहिलंय कुझेन आणि कुझेनच्या चित्राखाली सुसार. अरे, गळ्याला पांढरा रुमाल बांधल्यासारखा दिसतो तो सुसार. डोळ्यांवर चोरासारखी काळी पट्टी आणि अंगाला नाक धरावं लागेल असा वास, तो कुझेन. शेंबड्या पोराला कळतं हे.

त्याहून वाईट म्हणजे पांढरा उंदीर. शेपटी टोकापर्यंत पांढरी रंगवलीय! नाव उंदीर असलं तरी हे जनावर उंदीर नव्हे, उंदरांचा काळ आहे. वीतभर लांब, अंगात हाड नसल्यासारखं. उन्हाळ्यात पाठ तपकिरी, हिवाळ्यात सगळं अंग बर्फाचं, पण शेपटीचं टोक बारा महिने काळं. तेवढं एक टोक बघायचं असतं, आणि तेच गायब.

मी एकतीस वर्षं कातड्यांच्या केंद्रात प्रतवारी केली. केंद्र बंद पडलं, पण बोटं बंद पडली नाहीत. डोळे बांधून हातात कातडं द्या, फुंकर मारून सांगेन कुठल्या जनावराचं, कुठल्या महिन्यातलं. सचिवाला तिथल्या तिथे सुनावलं. तो म्हणाला, "अबा, चित्र राहू द्या, खालचं वाचा." खाली लिहिलंय की जुन्या जाणकारांनी आपापल्या भागात हे प्राणी मोजावेत, तक्ता भरून मेअखेर पाठवावा, तक्ता मातृभाषेत भरावा. संख्या चांगली निघाली तर जागा राखीव होईल.

घरी येऊन म्हातारीला, म्हणजे बायकोला, सगळं ऐकवलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "माझ्यावर ओरडून ते चित्र बदलणार आहे का? वहीत ओरडा. वही उलट बोलत नाही." म्हणून ही वही. वही खरंच उलट बोलत नाही, घरातल्या काही लोकांनी शिकण्यासारखं आहे.

१२ एप्रिल

मोजणी सुरू. खालच्या कुरणातल्या दगडांच्या ढिगाऱ्यांपाशी तीन तास बसलो. काही नाही. थंडीने गुडघे धरले.

घरी आलो तर म्हातारी म्हणते, "मी सकाळी गाय पिळताना बघितला. पांढरा उंदीर. गोठ्यामागच्या ढिगाऱ्यात शिरला. पाठीवर तपकिरी पट्टा यायला लागलाय, पोट अजून पांढरं."

"शेपटीचं टोक?"

"काळं."

"बारक्या जातीचा नसेल कशावरून? बारक्याची शेपटी बोटाएवढी, टोक काळं नसतं."

"सांगितलं ना, काळं. आणि बारका पळतो सरपटल्यासारखा. हा उड्या मारत गेला, दोन पाय, दोन पाय."

गाय पिळता पिळता बायकांना काय दिसणार! पण दुपारी गोठ्यामागे जाऊन पाहिलं. उरलेल्या बर्फावर जोडीजोडीने पावलं उमटलेली, दगडावर पिळलेल्या दोरीसारखी विष्ठा, आत उंदराचे केस. मी तक्त्यात 'पांढरा उंदीर, एक' अशी नोंद केली. माझी पहिली नोंद.

१५ एप्रिल

तक्त्यात 'प्राण्याचे नाव' असा रकाना आहे. जुन्या राजवटीत सगळं त्यांच्या भाषेत लिहावं लागायचं. एकतीस वर्षं त्यांचाच शब्द लिहिला. आता पत्रकात साफ लिहिलंय मातृभाषा. माझी आई त्याला पांढरा उंदीर म्हणायची, बायको पांढरा उंदीर म्हणते, आमच्या गल्लीत सगळे पांढरा उंदीरच म्हणतात. याहून मातृभाषा ती कुठली?

पुस्तकी शब्द दुसरा आहे, मला ठाऊक नाही असं नाही. पण तो आमच्या घरात चालत नाही. माझ्या वडिलांचं नाव सिंहावरून ठेवलेलं आणि त्या नावाचा पहिला अर्धा भाग म्हणजेच या जनावराचा पुस्तकी शब्द. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, त्या नावासारखं वाजणारंही काही बोलायचं नसतं. आईने आयुष्यभर नवऱ्याचं नाव घेतलं नाही. म्हातारी तर दूरदर्शनवर सिंह दिसला तरी "तो केसाळ बोका" म्हणते. गल्लीतल्या साऱ्या सुनांना माझे वडील म्हणजे एकतर सासरे नाहीतर थोरले दीर. असा तो शब्द गल्लीतून गेला तो गेलाच. मी पुरुष आहे, मला मनाई नाही. पण बापाचं नाव अर्धं तोडून जनावराला लावायचं? इथे वहीतसुद्धा लिहिणार नाही.

२१ एप्रिल

मुकाशच्या सात कोंबड्या गेल्या. मुकाश म्हणजे माझा शेजारी आणि जन्मसालाचा जोडीदार, त्यामुळे वाट्टेल ते बोलायचा त्याला परवाना आहे असं तो समजतो.

"अरे इशेनकुल, तुझ्या पांढऱ्या उंदराने माझं घर बुडवलं! तक्त्यात लिहून टाक, सात कोंबड्या फस्त!"

मी खुराड्यात वाकलो आणि लगेच नाक धरलं. "हा वास येतोय तुला?"

"मला सर्दी आहे."

"सर्दी तुझ्या अकलेला आहे. हा कुझेनचा वास. पांढरा उंदीर आला असता तर मानेमागे दोन बारीक दात दिसले असते आणि एकच नेली असती. इथे सातही मारून टाकल्यात आणि भोक बघ, माझी मूठ जाईल एवढं. पांढरा उंदीर तुझ्या अंगठीतून निघून जातो."

"म्हणजे तुझ्या जनावराने केलं नाही, तुझ्या जनावराच्या चुलतभावाने केलं!"

"तुझा चुलतभाऊ घोडे चोरून तुरुंगात गेला, म्हणून तुला आत टाकलं का?"

मुकाश मेलेल्या कोंबड्या गोळा करायला लागला. पण नंतर गावभर सांगत फिरतोय की इशेनकुलने उंदरांचं वकीलपत्र घेतलंय. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही या गावाची रीतच आहे.

६ मे

रोज कुरणात जातो. खालच्या कुरणात नऊ ढिगारे, वरच्यात अकरा. नजर स्थिर ठेवली तर कळतं. गवतात सरसर गेला तो बहुधा बारका. थांबून उभा राहिला, मान वर, पोट पिवळसर, शेपटीला काळं टोक नाही, तो पिवळा. आणि दगडावर उडी मारून माझ्याकडे 'तू कोण रे?' असं बघितलं, तर पांढरा उंदीरच समजावा. एवढंसं धूड, पण उर्मटपणा जिल्हाधिकाऱ्याचा.

म्हातारी रोज संध्याकाळी चहा ओतताना सांगते, "तिसऱ्या ढिगाऱ्यात आज दोन होते, तुम्ही पाणी प्यायला उठलात तेव्हा." किंवा "ती कान फाटलेली पोटुशी आहे." मी लिहून घेतो. बसायचं मी, डोळे फोडायचे मी, आणि दिसतं हिला!

आज ऊन होतं. कान फाटलेली दगडावर बसून अंग चाटत होती. एका कोटाला अशी दोनशे कातडी लागायची. असे किती कोट माझ्या हातून गेले असतील? पहिली प्रत, दुसरी प्रत, तिसरी. हिचा कान फाटका, ही तिसरीत गेली असती. मी उठून घरी आलो. जेवलो नाही. म्हातारीने ताकाची वाटी पुढे केली.

२७ मे

तक्ता पाठवला. सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड नाही.

पांढरे उंदीर: अडतीस. बारके पांढरे उंदीर: सतरा. पिवळे उंदीर: सहा. कुझेन: दोन. सुसार: एक.

'शेरा' या रकान्यात लिहिलं: 'पांढऱ्या उंदरांची संख्या दरवर्षीपेक्षा जास्त. बहुतेक सर्व बिळे भरलेली. पिल्ले होत आहेत. कार्यालयाने तातडीने लक्ष घालावे. बिळे दाखवण्यास मी स्वतः तयार आहे.' खाली माझी सही.

म्हातारीने वाचून दाखवायला सांगितलं. ऐकून म्हणाली, "त्यांना कळेल ना?"

"मातृभाषेत लिहिलंय. मातृभाषा कळत नसेल तर खुर्ची सोडावी."

"नाही, मी म्हटलं, एका बाजूला चित्र काढा. शेपटीचं टोक काळं करून."

तक्त्यात चित्र! बालवाडी आहे का ती?

१६ जून

उत्तर आलं! शिक्क्याचं पत्र. एर्मेक साहेबांची सही. डोंगरापलीकडच्या खोऱ्यातला तरुण माणूस आहे म्हणे, नवीनच बदलून आलाय. 'आपण कळवलेल्या संख्येची कार्यालयाने अत्यंत गंभीर दखल घेतली असून लवकरच संपूर्ण क्षेत्रात उपाययोजना करण्यात येईल. आपल्या जागरूकतेबद्दल आभार.'

अत्यंत गंभीर! मी हे पत्र मुकाशला दाराशी उभं करून मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, "कोण उंदरांचा वकील? वाच, जागरूकता लिहिलंय."

कान फाटलेलीची पिल्लं बाहेर पडायला लागलीत. गोठ्यामागच्या ढिगाऱ्यात सहा. एकमेकांच्या शेपट्या धरून लोळतात. म्हातारी कामं टाकून बघत बसते. "आली बघा सूनबाई पोरांना घेऊन," म्हणते. आमचा मुलगा परदेशात बांधकामावर आहे, लग्नाचं नाव काढत नाही, तेव्हा घरात सून अशी हीच.

३० जून

आज कार्यालयाची दोन माणसं पाहणीला आली. नम्र माणसं. "अबा, बिळं दाखवा." मी पुढे, ते मागे. वीसच्या वीस ढिगारे दाखवले. कुठून आत जातात, कुठून बाहेर येतात, पिल्लं कुठे आहेत, सगळं. त्यांनी प्रत्येक ढिगाऱ्यात लाल झेंडी रोवली. मी म्हटलं, "ती गोठ्यामागची झेंडी जरा बाजूला लावा, पिल्लं घाबरतील." ते एकमेकांकडे बघून हसले. शहरी माणसांना जनावरांची माया नसते, शिकवावी लागते.

निघताना त्यांना कुमिस पाजला, घरच्या घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा. म्हातारी म्हणाली, "झेंड्या लाल का हो?" मी म्हटलं, "राखीव जागेला लालच असतात." आता राखीव जागेला कुठला रंग असतो मला कुठे ठाऊक, पण बायकोला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायचं असतं.

५ जुलै

कसं लिहू?

सकाळी वरच्या कुरणात ट्रक. पोती. आठ-दहा माणसं, तोंडाला फडकी, हातात लोखंडी पळ्या. झेंडीपाशी थांबायचं, बिळात पळीभर दाणे टाकायचे, पुढे. दाणे गुलाबी. मी धावत गेलो. "काय टाकताय?"

"औषध, अबा. उंदरांचं."

"कुठले उंदीर?"

मुकादमाने कागद काढला. तक्त्याची प्रत. माझं अक्षर. पांढरे उंदीर अडतीस, बारके सतरा, पिवळे सहा. 'बहुतेक सर्व बिळे भरलेली. तातडीने लक्ष घालावे.' खाली माझी सही.

मी किती ओरडलो ते त्या डोंगरालाच ठाऊक. हे उंदीर नव्हेत, उंदीर खाणारे आहेत! हे विषाचे दाणे खाणार नाहीत, पण दाणे खाल्लेले उंदीर खातील आणि मरतील, एवढी अक्कल आहे का कुणाला? मुकादम म्हणाला, "अबा, तुम्हीच लिहिलंत उंदीर. बिळंही तुम्हीच दाखवलीत. मी काय करू? साहेबाचा लेखी हुकूम आणा, थांबवतो. वरचं कुरण झालंय. खालचं उद्या दुपारी घेणार."

खालचं म्हणजे गोठ्यामागचं. सहा पिल्लं.

उंटावरून शेळ्या हाकणारी जात! ऑफिसात बसायचं, उंदीर शब्द दिसला की विष पाठवायचं! हे कार्यालय आहे की खाटीकखाना? ज्याला स्वतःच्या भाषेतलं साधं जनावर ओळखता येत नाही त्याला खुर्ची दिली कुणी? उद्या याला कुणी लांडग्याचं नाव टाळून 'मामा आला' म्हटलं तर हा लांडग्याला सख्खा मामा समजून चहा पाजेल!

मी हे सगळं अंगणात येऊन ओरडत होतो. मुकाश कुंपणापाशी येऊन ऐकत होता. मला वाटलं, आता टोमणा मारणार. तो म्हणाला, "सकाळी सहाला गाडी काढतो. त्या खटाऱ्याचा चौथा गिअर पडत नाही, तिसऱ्यावर जाऊ."

म्हातारी म्हणाली, "मीही येणार."

"तू काय करणार तिथे?"

"तुम्ही ओरडून झाल्यावर कुणीतरी बोलायला हवं."

६ जुलै

आता दुपार उलटून गेलीय. झालं ते जसंच्या तसं लिहितो.

एर्मेक साहेब आमच्या मुलाहून लहान. उठून उभा राहिला, खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मी बसलो नाही. मी सुरुवातच केली: खुर्ची सोडा.

त्याने शांतपणे फाईल उघडली. "अबा, तुम्ही उंदीर कळवलेत. दुर्मिळ प्राण्यांच्या तक्त्यात उंदीर दिसले, मला वाटलं गावाने त्यातच तक्रार लिहून पाठवलीय. आम्ही उंदरांचं केलं. माझं काय चुकलं?"

"ते उंदीर नव्हेत!"

"मग काय आहेत?"

"पांढरे उंदीर!"

"बरं. आणि उंदराला तुम्ही काय म्हणता?"

"उंदीर."

"आणि हे?"

"पांढरा उंदीर! कितीदा सांगू?"

दारात उभा असलेला शिपाई हसला. मुकाशने डोळे मिटले. एर्मेक साहेब म्हणाला, "अबा, आमच्या खोऱ्यात पांढरा उंदीर म्हणजे पांढरा उंदीर. प्रयोगशाळेत असतो तो. तुम्ही ज्याबद्दल बोलताय त्याला दुसरं काही नाव असेल ना? जुन्या कागदांवर काय लिहायचात?"

इथे मी शुद्ध गाढवपणा केला, वहीला खोटं सांगून काय मिळणार. मी म्हटलं, "जुन्या राजवटीच्या भाषेतला शब्द मी वापरणार नाही. तुमच्याच पत्रकात मातृभाषा लिहिलंय!" घड्याळात साडेदहा वाजले होते. गाडी तिसऱ्या गिअरवर परत जायला तीन तास. आणि मी तिथे भाषेच्या अभिमानावर भाषण देत होतो.

"मग आपल्या भाषेतला दुसरा शब्द सांगा," साहेब म्हणाला. "मलाही थांबवायचंच असेल तर कागदावर काहीतरी लिहावं लागेल. उंदरांना विष घालू नका, असा हुकूम मी कसा काढू?"

शब्द होता. जिभेवर होता. पण म्हातारी शेजारी उभी होती, शिपाई दात काढत होता, आणि बापाचं नाव अर्धं तोडून त्या टेबलावर टाकायला माझं तोंड उघडेना. तोंडभर आवाज असलेला माणूस मी, आणि नेमक्या वेळी मुका झालो.

तेव्हा म्हातारी पुढे झाली. डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढला, जसा ती माझ्या वडिलांसमोर ओढायची. दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले. आणि मोठ्याने, अगदी मोठ्याने, ती म्हणाली:

"आरिस."

मी तिच्याकडे बघितलं.

"आरिस, साहेब. आरिस! पांढरा उंदीर म्हणजे आरिस. आमच्या गल्लीत बायका त्याचं नाव घेत नाहीत, कारण माझ्या सासऱ्यांचं नाव आरिस्तान. या माणसाने बायकांच्या तोंडचा शब्द तुमच्या तक्त्यात लिहिला. चूक याची नाही आणि तुमचीही नाही, आमच्या लाजेची आहे. आरिस्तानची सून मी. मी सांगते, तो आरिस आहे. लिहा."

शिपायाने तोंड मिटलं. एर्मेक साहेबांनी लिहिण्याआधी टोपी काढली. त्यांच्या खोऱ्यातही सुना असतात, त्यांना काय झालंय ते कळलं. "आरिस," त्यांनी लिहिलं, "म्हणजे दुर्मिळ यादीतला. अरे देवा." मग ते स्वतः आमच्यासोबत गाडीत बसले, कारण कागदापेक्षा माणूस लवकर ऐकला जातो म्हणाले.

परतीचे तीन तास म्हातारी माझ्या शेजारी बसली होती. खिडकीबाहेर बघत होती, हात मांडीवर. मी एकदा म्हटलं, "पाणी हवं का?" तिने मान हलवली. एक्केचाळीस वर्षांत वडिलांचं नाव मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकताना वाटलं, वडील दाराशी येऊन उभे राहिलेत.

पोहोचलो तेव्हा ट्रक गोठ्यापासून चार झेंड्यांवर होता. थांबवला.

७ जुलै

एर्मेक साहेब काल इथेच वस्तीला राहिले. सकाळी स्वतः दोन्ही कुरणांत उतरले, दाणे वेचायला. गल्लीतल्या सगळ्या बायका चाळणी, सूप, झाडू घेऊन आल्या. मुकाश आला, त्याला वाकता येत नाही, तो झेंड्या उपटत होता आणि प्रत्येक झेंडीला नवी शिवी घालत होता. जेवढं निघालं तेवढं काढलं. पण पहिल्या दिवशी उंदरांनी जे खाल्लं ते खाल्लंच. आणि कान फाटलेली शिकारीला वरच जाते.

झेंड्या मी लावू दिल्या. बिळं मी दाखवली. कुमिसही पाजला. एर्मेक साहेबाला काल मी काय काय बोललो ते आज आठवतंय. त्यातलं निम्मं मला लागू आहे.

१० जुलै

वरच्या कुरणात मेलेले चार. तीन बारके, एक पांढरा उंदीर, नर. उचलल्यावर माझी बोटं आपोआप केसात गेली, फुंकर मारली गेली. पहिली प्रत. हातातून टाकूनच दिला. मग परत उचलला आणि पुरला.

कान फाटलेली दोन दिवस दिसलेली नाही.

आज म्हातारीने कढईत तेल तापवून सात रोट्या तळल्या, वडिलांच्या आत्म्याला वास जावा म्हणून. पहिली रोटी मोडताना म्हणाली, "मामंजी, तुमचं नाव घेतलं. परक्या माणसांसमोर घेतलं. रागावू नका. लहान जीव होते." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही बोला काहीतरी."

मी म्हटलं, "वडील रागावले असते तर माझ्यावर रागावले असते."

"ते रागावलेच आहेत तुमच्यावर," ती म्हणाली, "माझ्यावर नाहीत."

मुकाशही रोटी खायला आला. खाऊन म्हणाला, "इशेनकुल, मी सर्दीचं खोटं बोललो होतो. कुझेनचा वास आला होता मला." निर्लज्ज!

१४ जुलै

सकाळी मी अंगणात दाढी करत होतो, म्हातारी गोठ्यामागून ओरडली, "अहो! लवकर या! पांढरा उंदीर!"

अर्धी दाढी फेसाने भरलेली, तसाच धावलो. कान फाटलेली होती. तोंडात पिल्लू धरून खालच्या ढिगाऱ्याकडे नेत होती, मानेला धरून, एकेक. उडी, दोन पाय, उडी, दोन पाय. आम्ही मोजत होतो. एक, दोन, तीन, चार, पाच. मग ती आली नाही. बराच वेळ थांबलो. फेस वाळला.

"सहा होती," मी म्हटलं.

"पाच," म्हातारी म्हणाली. "पाच आहेत."

एर्मेक साहेबांनी नवा तक्ता पाठवलाय. यावेळी पत्रकातल्या चित्रात शेपटीचं टोक शाईने काळं केलंय, हाताने. तक्त्यात आता दोन रकाने आहेत, 'गावातला शब्द' आणि 'पुस्तकी शब्द'. पहिल्यात लिहिलं, पांढरा उंदीर. दुसऱ्यात पेन टेकवून बसलो. मग विचारलं, "म्हातारे, तू परत म्हणशील?"

"नाही," ती गायीच्या सडाला हात लावत म्हणाली. "एकदा म्हटलं ते पुष्कळ झालं. तुम्ही लिहा. तुम्ही मुलगा आहात."

मी लिहिलं. आरिस. बापाच्या नावाचा अर्धा भाग, माझ्या अक्षरात.

संख्या: मादी एक, पिल्ले पाच.

शेवटचा रकाना होता, 'निरीक्षकाचे नाव'. मागच्या वेळी तिथे माझी सही होती. बारा एप्रिलपासूनची ही वही परत वाचून काढली. पहिला पांढरा उंदीर, तिसऱ्या ढिगाऱ्यातले दोन, कान फाटलेली, पोटुशी असल्याचं, आजचीही, सगळं म्हातारीनेच आधी बघितलेलं. मला तिचं नाव लिहायला जमेना, कारण एक्केचाळीस वर्षांत मी ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं, तिला मी म्हातारीच म्हणत आलोय. तरी लिहिलं.

उमसुनाय.